थव्याचा पुढारी कोण?

महिनाअखेर असली की सुकट-बोंबील, पगार झाला की बांगडा आणि मधल्या आठवड्यांत उजनीची चिलापी, असा आमच्या घरचा मासळीचा हिशेब कित्येक वर्षांचा आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पगार नुकताच झालेला होता. म्हणून आम्ही पिशवी घेऊन गणेश पेठेत गेलो आणि सहा बांगडे घेऊन आलो. पत्नीने ते धुऊन परातीत ओळीने ठेवले. आमची धाकटी आता सहावीत जाणार. ती परातीशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "पप्पा, हे सगळे एकाच मापाचे कसे?"

आम्ही सांगितले, की बांगडा थव्याने राहणारा मासा आहे. थव्यात साधारण सारख्या अंगाचे मासे एकत्र येतात, कारण लहानाला मोठ्याच्या वेगाने पोहता येत नाही आणि वेगळा दिसणारा मासा शत्रूच्या नजरेत लवकर भरतो. एवढे आम्हाला ठाऊक होते. पण पोरीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग कुठं जायचं ते कोण ठरवतं? त्यांच्यात मॉनिटर असतो का?"

बी.कॉम. झालेल्या कारकुनाला जमा-खर्चाचा मेळ घालता येतो, माशांचा मॉनिटर त्याच्या खातेवहीत नसतो. आम्ही आईकडे पाहिले. आईचे माहेर मावळातले, वडगावच्या पलीकडचे. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "पानी ठरवतं. दुसरं कोन ठरवनार?"

वाचक बंधू-भगिनींनो, त्या दिवसापासून महिनाभर आम्ही या प्रश्नामागे होतो. कचेरी सुटल्यावर वाचनालयात बसलो, शिकलेल्या मित्रांना छळले, आणि मग आमच्या लक्षात आले की आईचे उत्तर अर्धे अगदी बरोबर आहे. उरलेले अर्धे त्याहून नवलाचे आहे.

आधी आईचे अर्धे. मावळ-मुळशीत ज्याचे बालपण गेले त्याला चढणीचे मासे सांगायला नकोत. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात. मृगाचे दोन-चार दणके बसले, ओढ्याला गढूळ पाणी आले, की नदीतले मासे उलटे फिरतात आणि पाण्याच्या तोंडावर चालून जातात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात, तिथून भातखाचरात. बांधावरून पाणी पडत असते तिथे उड्या मारून चढतात. आम्ही अकरा-बारा वर्षांचे असताना, म्हणजे १९९२ च्या आसपास, आजोळी ही मजा पाहिली आहे. रात्री मामा कंदील घेऊन पुढे, आम्ही मुले पाटी घेऊन मागे. ओढ्याच्या अरुंद जागी दगड रचून पाणी एका तोंडातून सोडायचे आणि त्या तोंडाशी पाटी धरायची. शिंगाळे, वाम, खवल्याचे मासे धपाधप पाटीत पडत. आम्ही ओरडायचो ते मोठ्या माशासाठी. मोठा मासा चिरला की आत गाभोळी भरलेली असायची, आणि गाभोळीवरून आम्हा भावंडांत भांडणे व्हायची. गाभोळी म्हणजे अंडी आणि अंडी म्हणजे पुढच्या साली येणारे मासे, हा हिशेब तेव्हा कोणी आम्हाला सांगितला नाही आणि आम्ही विचारलाही नाही.

मासा चढतो तो अंडी घालण्यासाठी. भातखाचरातले उथळ पाणी उबदार असते, त्यात पिल्लांना खायला बारीक जीव मुबलक मिळतात आणि गिळायला टपलेले मोठे मासे तिथे कमी असतात. पाऊस ओसरला की पिल्ले पाण्याबरोबर खाली नदीत उतरतात. पण ऐन मृगातच निघायचे हे त्याला कसे कळते?

त्याची तयारी उन्हाळ्यापासूनच चाललेली असते. दिवस मोठा होत जातो, पाणी तापते, आणि माशाच्या मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते ती रक्तात आपला रस सोडू लागते. त्या रसाने अंडी पिकू लागतात. पण शेवटचा धक्का मिळाल्याशिवाय मासा अंडी घालत नाही. तो धक्का देतो पहिला पूर. पाणी एकदम थंड होते, गढूळ होते, त्याचा जोर वाढतो, मातीचा वास त्यात मिसळतो. रोहू आणि कटला या माशांचे तर असे आहे, की तळ्यात साठलेल्या पाण्यात ते कितीही धष्टपुष्ट झाले तरी अंडी घालत नाहीत. त्यांना वाहते, फुगलेले पाणी लागते. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करून आणावे लागे. ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी नावाच्या शास्त्रज्ञाने माशाच्या त्या ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशाला टोचला, आणि १० जुलै १९५७ रोजी तळ्यातल्या माशाने पुराशिवाय अंडी घातली. म्हणून आजही १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पुराचा निरोप सुईने पोचवता येतो हे त्या माणसाने दाखवले. आज आपल्या धरणांतून आणि तळ्यांतून जी रोहू-कटला येते तिच्या मुळाशी ती सुई आहे.

केव्हा निघायचे ते असे ठरते. कुठे जायचे हा प्रश्न नदीत सोपा आहे. नदीला दोनच दिशा, वर आणि खाली. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. मासे निवडताना भगिनींनी ती नक्की पाहिली असेल. ती नुसती नक्षी नाही. तिच्यात बारीक छिद्रे आणि आत नाजूक केस असतात, आणि पाण्याचा कल कुठून आहे ते माशाला त्यामुळे अंगावर कळते. शेजारचा मासा वळला तर त्याच्या अंगाने ढकललेले पाणीही याच रेघेवर जाणवते. माशांचे डोळे झाकून प्रयोग केले गेले आहेत. आंधळे केलेले मासेही या रेघेच्या भरवशावर थवा सोडत नाहीत. म्हणजे ओढ्यात चढणाऱ्या शंभर माशांना पुढाऱ्याची गरज नाही. प्रत्येकाला पाणी सांगते. आई जिंकली.

पण समुद्राचे काय? समुद्राला काठ नाही, चढ नाही, उतार नाही. बांगडा, तारली यांचे थवे हजारो-लाखोंचे असतात. अमुक महिन्यात अमुक किनाऱ्याला यायचे, तमुक ठिकाणी अंडी घालायची, हे तिथे कोण ठरवते? धाकटीचा मॉनिटर इथे शोधावा लागतो.

शास्त्रज्ञांनी तो शोधला आणि त्यांना मॉनिटर सापडला नाही. आयन कझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली गणकयंत्रावर एक थवा उभा केला. त्यातल्या प्रत्येक माशाला साधे दोन-तीनच नियम दिले. शेजाऱ्याला धडकू नको, शेजाऱ्यापासून फार लांब जाऊ नको, शेजारी ज्या दिशेला तोंड करील तिकडे तूही कर. मग थोड्या माशांना जाण्याची दिशा सांगून ठेवली. बाकीच्यांना काही सांगितले नाही, कोणाला सांगितले आहे हेही कळू दिले नाही. तरी सगळा थवा त्या थोड्यांच्या दिशेने गेला. आणि थवा जितका मोठा, तितके जाणकारांचे शेकडा प्रमाण कमी लागले. पुढे लीड्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जर्मनीतल्या कोलोन शहरात दोनशे माणसे एका मोठ्या दालनात चालवली. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकांपासून फार दूर जायचे नाही. त्यांतल्या फक्त दहा जणांना जागा सांगितलेली होती. दहांनी दोनशेंना तिथे नेले.

हे वाचून आम्हाला गप्प बसवेना. आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या सभागृहात सुटीतल्या मुलांची अभ्यासिका आम्ही चालवतो. एका संध्याकाळी आम्ही तीस मुलांना चटया गुंडाळायला लावल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत उभे केले. नियम तेच. तोंड बंद, हात खाली, शेजारी हाताच्या अंतरावर. तीन मुलांना आधी बाहेर नेऊन कानात सांगितले, पाण्याच्या माठाकडे जा. पहिला खेळ पार फसला. तिघांपैकी एकाने मित्राला डोळा मारला, सगळे हसत सुटले आणि माठ पडता पडता वाचला. दुसऱ्या वेळी त्याला बदलला. आता मुले गंभीर झाली. सुरुवातीला सगळी गोल गोल फिरत राहिली, दोन मिनिटे काहीच ठरेना. मग हळूच घोळका खिडकीकडे सरकला, तिथून वळला, आणि आम्ही घड्याळ पाहत असताना सगळीच्या सगळी माठापाशी येऊन थांबली. आम्ही विचारले, तुम्हाला इकडे कोणी आणले? तीस मुलांनी नऊ-दहा वेगवेगळी नावे घेतली. त्यांत खऱ्या तिघांपैकी एकाचेच नाव होते, तेही दोनच मुलांनी. आमची धाकटी म्हणाली, "मीच आणलं!" तिला काहीएक सांगितलेले नव्हते.

मग एका मोठ्या मुलाने कळीचा प्रश्न विचारला. "सर, दोघांना दोन वेगळ्या जागा सांगितल्या तर?" यावरही प्रयोग झालेला आहे, आणि तो खऱ्या माशांवर. अमेरिकेत गोल्डन शायनर नावाचा लहान मासा आहे. कझिन आणि सहकाऱ्यांनी काही माशांना निळ्या खुणेकडे जायला शिकवले, काहींना पिवळ्या. या माशाला पिवळा रंग मुळातच जास्त ओढतो, म्हणजे पिवळेवाले जरा हट्टी. निळेवाले संख्येने जास्त असले तरी हट्टी पिवळेवाले सगळ्यांना आपल्याकडे ओढून नेत. मग त्यांनी त्यात काहीच न शिकवलेले मासे सोडले. आणि पारडे फिरले. ज्यांना काहीच बाजू नव्हती ते आसपास जास्त जण जिकडे तिकडे झुकू लागले, हट्टी थोड्यांचा जोर ओसरला आणि बहुमताची निळी खूण जिंकली. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. आपण सभा-मोर्चाची माणसे. सभेत कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला आपण कमी लेखतो. आम्हीही लेखले आहे, कबूल करतो. असो, विषय माशांचा आहे.

इथवर आले म्हणजे एक गोष्ट उरते. थव्यातल्या थोड्या जाणकारांना वाट माहीत असते, पण त्यांना ती कोणी शिकवली? काही माशांच्या बाबतीत उत्तर आहे, आधीच्या जाणत्यांनी. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय नावाचे बेट आहे. तिथे ग्रंट जातीचे लहान मासे दिवसा प्रवाळाच्या आडोशाला राहतात आणि तिन्हीसांजेला ठरलेल्या वाटेने समुद्रगवताच्या कुरणात चरायला जातात. १९८४ साली दोन अभ्यासकांनी एका ठिकाणचे मासे उचलून दुसऱ्या ठिकाणच्या थव्यात सोडले. पाहुणे दोन दिवस यजमानांच्या मागे मागे गेले. मग यजमान सगळे काढून घेतले. तरी पाहुणे त्याच वाटेने गेले, त्याच वाटेने परत आले. ज्या पाहुण्यांना मागे जायची संधीच दिली नव्हती ते मात्र त्या वाटेने गेले नाहीत. गावात नवी आलेली सून जशी दोन दिवस सासूच्या मागून पाणवठ्यावर जाते आणि तिसऱ्या दिवशी एकटी हंडा भरून आणते, तसेच हे.

आता जी हकिगत सांगायची आहे तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

नॉर्वे देशाच्या किनाऱ्याला हेरिंग नावाचा मासा आहे. आपल्या तारलीच्याच गोतातला, तसाच चंदेरी, तसाच तेलकट. तो वीस-वीस वर्षे जगू शकतो. हिवाळा तो नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे काढी आणि वसंतात दक्षिणेकडे मोरे नावाच्या भागात अंडी घालायला येई. हा प्रवास तेराशे किलोमीटरपर्यंतचा. म्हणजे पुण्याहून दिल्लीच्या जवळपास, तोही पोहत. पिल्ले मात्र वेगळीकडे वाढत. चार-पाच वर्षांची होऊन अंड्यावर आली की ती जुन्या माशांच्या थव्यात सामील होत आणि त्यांच्या मागून दक्षिणेची वाट शिकत. असे पिढ्यान्‌ पिढ्या चालले होते.

२०१६ साली जन्मलेली पिल्ले फार मोठ्या संख्येने जगली. कोळ्यांना आनंदच झाला असेल. पण ती पिल्ले वयात येईपर्यंत मासेमारीने जुन्या, मोठ्या माशांची संख्या फार खाली आणली होती. मोठ्या जहाजांना मोठा मासा हवा असतो, त्याला भाव असतो. तरुणांचा हा अफाट जमाव निघाला, तेव्हा वाट माहीत असलेले म्हातारे त्यात पुरेसे नव्हते. मघाच्या खेळात आम्ही कानात सांगितलेली तीन मुले काढून घेतली असती तर जे झाले असते, तेच समुद्रात झाले. उलट जे थोडे म्हातारे उरले होते तेच तरुणांच्या लोंढ्याबरोबर वाहवत गेले. २०२१ च्या सुमारास हेरिंगने दक्षिणेला जाणे टाकून उत्तरेलाच, लोफोटेन बेटांच्या बाजूला अंडी घातली. अंड्यांची मुख्य जागा सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेला सरकली. आरिल स्लोटे आणि त्यांच्या नॉर्वेतल्या सहकाऱ्यांनी हे सारे २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. मासे संपले नव्हते. संख्येने ते भरपूर होते. थव्याची आठवण गेली होती.

दक्षिणेला अंडी पडत तेव्हा पिल्ले उत्तरेकडच्या प्रवाहात तरंगत जात, वाटेत त्यांना खाणे मिळे, आणि त्या वाटेवर पोट भरणारे दुसरे मासे, पक्षी, किनाऱ्यावरची माणसे होती. घरातला एक म्हातारा गेला तर आपण म्हणतो, पिकले पान गळाले. इथे एका ठरावीक वयाची सगळीच पाने झाडाने एकदम गमावली आणि शेंड्याला बुंधा ओळखेना.

आपल्या किनाऱ्याची तारली ही हेरिंगसारखी दीर्घायुषी नाही, तिचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. त्यामुळे नॉर्वेची गोष्ट जशीच्या तशी तिला लावता येणार नाही. तारली खाण्याच्या मागे असते. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला खोल समुद्रातले थंड, सकस पाणी वर येते, त्यात सूक्ष्म वनस्पती फुलतात आणि तारलीचे थवे त्यावर चरतात. पाणी फार तापले, फुलोरा चुकला, की थवा पांगतो किंवा दुसरीकडे जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एखाद्या साली तारलीने होड्या भरतात आणि एखाद्या साली जाळी कोरडी येतात, ते याच कारणाने. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली उतरली फक्त ३,२९७ टन. आम्ही आकड्यांत जन्म घालवलेला माणूस, पण असा उतार कोणत्या दुकानाच्या वहीत पाहिला नाही. समुद्राचे तापमान बदलले, एल निनो आला, आणि त्यातच मोठी व लहान सगळीच मासळी ओरपली गेली, अशी कारणे अभ्यासकांनी दिली. केरळ सरकारने दहा सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास त्याआधीच मनाई केली होती. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान माप ठरवून दिले. ते योग्यच झाले. पण हे कायदे लहानाला वाचवतात. एका मापाहून मोठा मासाही सोडा, असे कोणी म्हणत नाही. हेरिंगची हकिगत वाचल्यावर आम्हाला तर वाटते, की जिथे मासा पुष्कळ वर्षे जगतो तिथे हा दुसरा कायदाही विचारात घ्यावा लागेल.

पुण्यात असा पुष्कळ वर्षे जगणारा मासा होता. महाशीर. मुळा-मुठेतला दख्खनी महाशीर जगाला पहिल्यांदा माहीत झाला तो पुण्यामुळे. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याने पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेतला मासा घेऊन १८३९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आपल्या लोकांच्या तोंडचे नाव लॅटिनमध्ये बसवले, खुद्री. आजही शास्त्रात तो खुद्रीच आहे. म्हणजे या माशाचे जन्मगाव कोणी विचारले तर पुणे सांगावे लागते, आणि पुण्यातल्या मुळा-मुठेत आज तो राहू शकेल असे पाणी नाही. बंडगार्डनच्या पुलावर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहवत नाही, तिथे महाशीर काय राहील?

महाशीर पावसाळ्यात स्वच्छ, खडकाळ उपनद्यांकडे चढतो आणि गोट्यांत अंडी घालतो. त्याच्या वाटेवर आपण काय काय उभे केले ते पाहा. मुठेवर खडकवासला १८७९ पासून. त्याच्या वर पानशेत आणि वरसगाव. मुळेवर मुळशी, पवनेवर पवना, आणि खाली भीमेवर १९८० चे उजनी. यांतल्या कोणत्याही भिंतीला मासा चढून जाईल अशी पायरी नाही. परदेशात अशा पायऱ्या बांधतात, टप्प्याटप्प्याच्या टाक्या करून पाणी सोडतात आणि मासा एका टाकीतून दुसरीत उडी मारत वर जातो. आपल्याकडे धरणाचा आराखडा करताना या प्रवाशाचा विचार कोणी केला नाही. मुळशीत तर माणसांचाही केला नव्हता, शंभर वर्षांपूर्वी त्यावर सत्याग्रह झाला.

मग धरणात कोण माजतो? जो कुठेच जात नाही तो. आमच्या मधल्या आठवड्यांची चिलापी! आफ्रिकेचा हा मासा १९५२ साली भारतात आणला. त्याला पूर नको, चढण नको, वाट शिकवणारा म्हातारा नको. साचलेल्या पाण्यात खड्डा करतो आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. उजनीच्या अथांग साचलेल्या पाण्यात त्याचेच राज्य झाले. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही, गरिबाच्या ताटात स्वस्त मासा तोच टाकतो. पण गणेश पेठेत आता पाटीभर चिलापी दिसते आणि चढणीचा शिंगाळा शोधावा लागतो, त्याचा अर्थ आम्हाला या महिन्यात कळला.

महाशीर अगदीच बुडाला मात्र नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली जाते. जुलै-ऑगस्टात तलावातले महाशीर येऊन मिळणाऱ्या ओढ्यांकडे झेपावतात, तेव्हा तिथली माणसे नर-मादी पकडून अंडी हाताने काढतात, फळवतात आणि मासे परत पाण्यात सोडतात. ही पिल्ले देशात अनेक ठिकाणी गेली. पुढे निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने या माशाला धोक्यातल्या यादीतून बाहेर काढले. लोणावळ्यात धरणाच्या भिंतीमागेसुद्धा, पहिल्या पुराचा वास आला की तो तोंड वरच्या बाजूला करतो, हे आम्हाला सगळ्यांत विशेष वाटले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तसा आम्ही मामांना फोन केला. मामा आता सत्तरीला आले, पण पहिल्या पाण्याला ओढ्यावर जायचे काही सोडत नाहीत. "चढण लागली का?" म्हणून विचारले. म्हणाले, "लागली, पर पयल्यासारकी न्हाई. वरच्या अंगाला बंधारा घातलाय, त्याच्या खाली येऊन थटत्यात बापुडे." किती मिळाले विचारले तर म्हणाले, तेरा-चौदा शिंगाळे, सगळे बोटाएवढे. मोठा एकच दिसला, पोट फुगलेली मादी. ती बंधाऱ्याच्या पायथ्याशी तीन वेळा उडी मारून पडली. मामांनी तिला पाटीत उचलले, काठाने वर चालत गेले आणि बंधाऱ्याच्या पलीकडे पाण्यात सोडले. आम्ही म्हणालो, "मामा, घरी नाही आणली?" मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी पोरं यायला पायजे व्हती. आमाला आता गाभुळी पचत न्हाई."

धाकटीने फोन हातातून घेतला आणि विचारले, "आजोबा, तिच्या मागून बाकीचे गेले का?"